यात तिसऱ्या कोणाचंही काही नाही

ज्याअर्थी फॅक्स आला आहे,

आणि फॅक्सचा कागद सारखा गुंडाळी होऊन मिटतो आहे, नमिता म्हात्रेने त्याच्या एका टोकावर स्टेपलर ठेवला आणि दुसऱ्या टोकावर कोपर.

सातवं कलम. इंग्रजीत. तिने ते मनातल्या मनात मराठी करून वाचलं. इंग्रजीत ते नुसतं कलम होतं, मराठीत ते कुणीतरी तोंडावर बोलल्यासारखं झालं:

हा प्रोग्रॅम खाली सही करणाऱ्या व्यक्तीने स्वतः लिहिला आहे. यात तिसऱ्या कोणाचंही काही नाही. कंपनी तो कोणालाही विकू शकेल, आणि आतला कोड कोणालाही दाखवायला ती बांधील नसेल.

खाली रेघ. रेघेखाली तिचं नाव, टाईप केलेलं. शुक्रवारी रोह्याला येऊन सही करावी.

"पेन देऊ का?" प्रविण म्हणाला.

"थांब."

"थांबायचं काय त्यात? तूच लिहिलायस ना?"

तिने कोपर काढलं. कागद मिटला.

प्रविण तिचा मामेभाऊ. गिऱ्हाईक आणायचं आणि बोलायचं काम त्याचं, लिहायचं तिचं. पेणच्या कासार आळीत एका गणपतीच्या कारखान्यावरची खोली, दोन कॉम्प्युटर, खालून उडणारी पांढरी भुकटी आत जाऊ नये म्हणून दोन्ही कीबोर्डांवर प्लास्टिक. नव्व्याण्णव सालचा फेब्रुवारी. सकाळी प्रविण पोरांना टायपिंग शिकवायचा. आणि दिवाळीपासून रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, दोन नंबरच्या रिअ‍ॅक्टरवर, म्हणजे माल शिजवायच्या बंद टाकीवर, नमिताचा प्रोग्रॅम चालू होता. पॅनलवरचा माणूस एक ओळ टाईप करतो, एन्टर मारतो, आणि व्हॉल्व्ह उघडतो किंवा बंद होतो. आधी त्यासाठी जिना चढून रिअ‍ॅक्टरपाशी जावं लागायचं आणि वाफेत उभं राहून चाक फिरवावं लागायचं.

आता गुजरातचा एक कारखानदार तो प्रोग्रॅम कंपनीचे मालक कारखानीस यांच्याकडून विकत घ्यायला येणार होता. सही झाली की कंपनीचे उरलेले सगळे रिअ‍ॅक्टर नमिताकडे. नाही झाली की यातलं काहीच नाही.

"नमे," प्रविण म्हणाला, "तुझं तोंड असं का झालंय?"

ज्याअर्थी सीडी एकच होती,

तिला वाटलं होतं अटही एकच असेल.

लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवायच्या एका फुकट सिस्टिमची, ती सीडी एका मासिकाबरोबर आली होती. तिच्यात ढीगभर लायब्रऱ्या होत्या. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोडचा तयार तुकडा. आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यायचा, तेवढं आपलं लिहायचं वाचतं. नमिताने दोन जोडल्या होत्या. एक पायाची, जिच्याशिवाय काहीच उभं राहत नाही. तिची अट तिने आधीच वाचली होती: जोडा, विका, तुमचा कोड तुमच्यापाशी ठेवा, हरकत नाही. दुसरी अगदी छोट्या कामाची: टाईप करताना ओळ दुरुस्त करता यावी, बाणाची कळ दाबली की मागच्या ओळी परत याव्यात. तिची अट वाचायची राहिली. एकाच सीडीवर, शेजारीशेजारी. कोण परत वाचतं?

फॅक्स आल्यावर वाचली.

"काय म्हणते ती?" प्रविणने विचारलं.

"म्हणते, फुकट वापरा. बदला, विकासुद्धा. पण मला जोडून केलेला प्रोग्रॅम कोणाला दिलात तर त्याला कोडही द्या. आणि त्याने तो पुढे आणखी कोणाला द्यायचा म्हटलं तर अडवू नका."

"कोड म्हणजे तिचा ना?"

"तिचा आणि माझा. जोडलेला सगळा."

"बाणाची कळ चालावी म्हणून?"

"हो."

"म्हणजे दाराला कडी फुकट दिली, आणि आता म्हणते घर उघडं ठेवा."

नमिता हसली नाही. "त्या घरात कंपनीची रेसिपी आहे. किती डिग्रीला काय सोडायचं, सगळं मी कोडमध्येच लिहिलंय. कारखानीस साहेब ते स्वतःच्या बायकोला सांगत नसतील."

"मग तू पण सांगू नको. कोण बघायला येतंय रोह्यात? अमेरिकेतून माणूस येणार, नागोठण्याला उतरून चहा पिणार, आणि विचारणार, काय गो, माझी कडी कुठाय?"

"कोणी येणार नाही."

"मग?"

"मग काय. कोणी येणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं. तरी ठेवलं ना त्यांनी सीडीवर."

प्रविणने खुर्ची ओढली. नमिताचं गाव खाडीकडचं, हे त्याला आठवलं असावं, कारण तो लगेच तिथेच घुसला. "हे तुमच्या बांधासारखं झालं तुझं."

"तसंच आहे."

भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाचा बांध. बांधाला खांड पडली की आतल्या प्रत्येक शेताचा एक माणूस चिखल घेऊन आला पाहिजे. कोणी कोणाची सही घेतलेली नसते. आत पिकवतोस ना, मग ये. शेत विकलं तर घेणाऱ्याने यायचं.

"आणि जो येत नाही त्याचं काय करता?"

"काही नाही. त्याच्याकडच्या लग्नाला कोणी जात नाही."

"मग ठीक आहे. अमेरिकेची मंडळी तुझ्या लग्नाला आली नाहीत तर आत्याला दोन पानं कमी वाढावी लागतील."

"प्रविण, मी ती लायब्ररी काढते. तेवढाच तुकडा मी स्वतः लिहिते. मग कागद खरा होईल."

"शुक्रवारपर्यंत?"

"बाणाची कळ तर चालवायचीय."

ज्याअर्थी कागद खरा करता येतो,

तो खरा करायचाच, मग जेवण खुर्चीत, मग आईचा फोन प्रविणने घ्यायचा, मग खालच्या कारखान्यातला पॉलिश पेपरचा खर्रखर्र आवाज बंद झाला की कळायचं दिवस संपला. त्या लायब्ररीचा कोड सीडीवरच होता. एक कळ दाबली असती तर समोर आला असता. ती कळ तिने दाबली नाही. बघून लिहिलं तर ते माझं कसं? कागदावर लिहायचंय की तिसऱ्या कोणाचंही काही नाही. नजरसुद्धा नको.

म्हणून तिने आठवून लिहिलं. आपण स्वतः काय काय करतो ते. अक्षर टाईप होतं. अक्षर खोडता येतं. वरचा बाण, मागची ओळ. आणखी वर, त्याच्या मागची. खालचा बाण, पुढे. बास. एवढंच तर करतो माणूस.

एवढंच करते मी, असं तिने म्हणायला हवं होतं.

गुरुवारी संध्याकाळी चाललं. प्रविणने पाच वेळा वर-खाली बाण दाबून बघितले आणि म्हणाला, "मला तर काही फरक दिसत नाही. फुकटचा खटाटोप."

"फरक दिसत नाही हेच पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि फ्लॉपीवर प्रोग्रॅम घेतला. जुनाही घेतला, कोडसकट, दुसऱ्या फ्लॉपीवर, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

ज्याअर्थी गुणाजी पाटलाला घाई आहे,

त्याने तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि मागे उभा राहून मान डोलवत राहिला. ती सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला उतरली होती, स्टेशनवरून विक्रम रिक्षा पकडून धाटावला. पॅनलची खोली छोटी. एक मॉनिटर, एक इंटरकॉम, काचेपलीकडे लोखंडी जिना, आणि जिन्यावर दोन नंबरचा रिअ‍ॅक्टर, घाम आल्यासारखा. गुणाजी पहिल्या शिफ्टचा. बोटं जाड, उमेदीची वर्षं मिठागरावर गेलेली. तिच्या शेजारच्या गावचा, म्हणून तिला मॅडम म्हणत नसे.

"काय गो, आज काय टाकतेस?"

"नवीन प्रोग्रॅम. दिसायला तोच आहे."

"जुना खराब व्हता?"

"नाही. जुन्यात दुसऱ्यांचं काम होतं."

"कोनाचं?"

"लांबच्या लोकांचं."

"मागाया आलं व्हतं?"

"नाही."

"कमाल हाय. मागितलं नाय तरी परत करतेस. माझा भाऊ कोर्टात जाऊन पन बांधावरचा आंबा देत नाय."

एक बॅच संपून दुसरी सुरू व्हायची होती. मधल्या वेळात तिने नवीन टाकलं. गुणाजीने एक ओळ टाईप केली, मुद्दाम एक अक्षर चुकवलं, खोडलं, वरचा बाण दाबला, मागची ओळ आली.

"तसाच हाय."

"नीट बघा ना."

"बघितला. जा आता, साहेब वर पावनं घेऊन बसलाय. मला बॅच लावायची हाय, दुसऱ्या शिफ्टचा शिवा येईल इतक्यात."

तिने विचारलं नाही, आणखी काय काय करता तुम्ही या कीबोर्डवर. बॅच थांबली होती, माणूस उभा होता, विचारायला जागा नव्हती.

ज्याअर्थी पाहुणे चहा पीत आहेत,

कारखानीस साहेब खुशीत आहेत. पाहुणे वापीचे, पांढरा सफारी, बशीत ओतून चहा. टेबलावर तोच कागद, या वेळी नीट टाईप केलेला. नमिताने सातवं कलम पुन्हा वाचलं. यात तिसऱ्या कोणाचंही काही नाही. तिने स्वतःलाच उलट विचारलं, आहे का? नाही. पायाची लायब्ररी परवानगी देते. ते कलमाच्या वरच कंसात टाका असं तिने सांगितलं होतं आणि त्यांनी टाकलं होतं. बाकी सगळं तिचं. तिने पेनाचं टोपण काढलं.

"देखिए, असली बात तो नीचे है," कारखानीस पाहुण्यांना सांगत होते. "शिफ्ट बदलते समय हमारे लोग बात भी नहीं करते. लाइन रखकर जाते हैं."

"लाइन?"

नमिताने पेन कागदावर टेकवलं नव्हतं. "साहेब, ओळ ठेवून जातात म्हणजे?"

"अहो, तुम्हाला माहीत नाही? तुमचाच प्रोग्रॅम." कारखानीसांनी हवेत टाईप करून दाखवलं. "जाणारा माणूस पुढची ओळ टाईप करून ठेवतो. एन्टर मारत नाही. ठेवली ओळ, संपली त्याची शिफ्ट. येणारा बसतो. वरचा बाण, आधी काय झालं ते बघतो. खालचा बाण, ठेवलेली ओळ परत येते. एन्टर. आमच्या लोकांनी स्वतः काढलंय. मी पण दोन महिन्यांनी बघितलं."

"खालचा बाण दाबल्यावर," नमिता म्हणाली, "ठेवलेली ओळ परत येते."

"येतेच ना."

जुन्या लायब्ररीत येत होती. कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी विचार केला होता की माणूस अर्धवट टाईप करून मागे बघायला जाईल, तर त्याची अर्धी ओळ जपून ठेवली पाहिजे.

बाहेर शिफ्टचा भोंगा झाला.

ज्याअर्थी शिवा आता खुर्चीत बसत असेल,

जुन्यात असं:

ठेवलेली ओळ. कूल २ ३०. म्हणजे दोन नंबर तीस डिग्रीपर्यंत थंड कर.

वरचा बाण. फीड २ ३०. म्हणजे दोन नंबरात तीस लिटर सोड. हे मघाशी होऊन गेलेलं.

खालचा बाण. कूल २ ३०.

एन्टर.

नव्यात असं:

ठेवलेली ओळ. कूल २ ३०.

वरचा बाण. फीड २ ३०.

खालचा बाण.

फीड २ ३०.

कारण अर्धी ओळ जपायची असते हे तिला सुचलं नव्हतं. वरचा बाण दाबल्याबरोबर ती गेली. खालचा बाण दाबला की तिचा कोड शेवटच्या ओळीवर येऊन थांबतो, आणि शेवटची ओळ म्हणजे शेवटची झालेली.

एन्टर.

पहिलं तीस लिटर थंड व्हायच्या आत वरून दुसरं तीस लिटर. आतला माल उसळतो. झाकणाच्या बाजूने आधी वास, मग वाफ, मग

दोन्ही ओळी सारख्याच लांबीच्या. शेवटी तेच आकडे. इतक्या दिवसांत खालच्या बाणाने एकदाही चुकीची ओळ आणली नव्हती. मग शिवा ती वाचेल कशाला?

ज्याअर्थी इंटरकॉम वाजतो आहे,

"हॅलो. पॅनल? शिवा? गुणाजीकाका?

उचला.

साहेब, हा खाली लागतो ना? हाच नंबर ना?

शिवा, एन्टर मारू नको. शिवा?

हॅलो?"

नुसता वाजत होता. तिने रिसीव्हर टेबलावरच टाकला, पेन हातात तसंच, आणि धावली. मागून कारखानीसांची खुर्ची सरकल्याचा आवाज. पॅसेज, जिना, अंगण, गोण्यांची थप्पी, पॅनलचं दार.

शिवा कानाला इंटरकॉम लावून उभा होता. "हॅलो, हॅलो," म्हणत होता. तिला बघून तोंड उघडं राहिलं.

"तुम्हीच होता होय फोनवर? मी डबा ठेवत होतो."

"एन्टर मारलास?"

"मारला ना. बसल्या बसल्या."

तिने स्क्रीन बघितला. फीड २ ३०. त्याखाली, फीड २ ३०.

"काय मारलास ते वाच."

शिवाने वाचलं. त्याच्या मानेची शीर तिला दिसली. "गुणाजीने कूल ठेवलं व्हतं. मी बघितलं व्हतं ओ. माझ्या डोळ्यांनी बघितलं, कूल व्हतं."

"होतं. सरक."

तिने उभ्यानेच टाईप केलं, फीड बंद. एन्टर. मग कूल. एन्टर. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा वर चालला होता. व्हॉल्व्ह बंद झाल्याचा टक् असा आवाज काचेपलीकडून आला, पण जेवढं आत पडलं तेवढं पडलं होतं. आकडा चढत राहिला. थंड पाण्याची लाइन जाड, तिचा व्हॉल्व्ह सावकाश उघडतो. ते तिनेच सावकाश ठेवलं होतं, पाइपला हिसका बसू नये म्हणून.

"हातानं खोलतो," शिवा म्हणाला आणि दाराकडे वळला.

जिन्यावर आधीच कोणीतरी होतं. गुणाजी, अंगात घरी जायचा शर्ट, एका हातात पिशवी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वास आला असेल. तो दोन दोन पायऱ्या चढत वर गेला, पिशवी कठड्याला अडकवली, शर्टाची बाही ओढून पंजावर घेतली आणि थंड पाण्याचं चाक फिरवायला लागला. झाकणाच्या कडेने पांढरं काहीतरी सुटलं. गुणाजीने मान फिरवून तोंड खांद्यात खुपसलं. हात चाकावरच.

आकडा चढला. थांबला. परत एक चढला.

शिवा काहीतरी पुटपुटत होता. नमिताच्या लक्षात आलं की तो आकडेच वाचतोय.

मग आकडा उतरला.

ज्याअर्थी कोणी फारसं भाजलं नाही,

कारखानीस साहेबांना बोलता येत होतं.

"काय बदललंत तुम्ही?"

तिने सांगितलं. गुणाजी आणि शिवा समोर होते, त्यांना कळेल असं सांगितलं. जुन्यात दुसऱ्यांचा एक तुकडा होता, त्याची अट तुमच्या सातव्या कलमाच्या उलट आहे, म्हणून तो काढला, त्याजागी माझा घातला, माझ्यात ओळ ठेवणं राहिलं.

"मला न विचारता?"

"नवीन टाकतेय एवढं सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं."

गुणाजी पंजा पाण्याखाली धरून होता. "साहेब, भांडन मागनं करा. आधी तिला जुनं टाकू दे. नायतर मी वर जिन्यावर जाऊन बसतो, तिथनं हलत नाय."

"टाका जुनं," कारखानीस म्हणाले. "आत्ता. आणि वर येऊन सही करा."

"जुनं टाकलं की सही खोटी होते."

"नमिता मॅडम." कारखानीसांनी आवाज खाली आणला, त्यामुळे तो जास्त ऐकू आला. "तुमच्या खरेपणाने आत्ता दोन माणसं गेली असती."

"हो."

"जुन्याने कोणाला काही झालं?"

"नाही."

"मग खोटं काय आहे त्यात? चांगलं चाललेलं काम आहे. ते लोक इथे बघायला येणार आहेत का?"

तिच्या पर्समध्ये दोन्ही फ्लॉप्या होत्या. जे सुचत होतं ते सगळं गुणाजीच्या लाल पंजासमोर बोलायला लाज वाटावी असं होतं.

"नवीन दुरुस्त करा मग," कारखानीस म्हणाले. "किती वेळ लागेल?"

"फार नाही. ही एक चूक आत्ता बसून काढता येईल."

"मग काढा. सही पण खरी, ओळ पण ठेवता येईल. प्रश्न मिटला."

तिने शिवाकडे बघितलं. शिवा खुर्चीत बसला नव्हता, खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"शिवा, तू या कीबोर्डवर अजून काय काय करतोस?"

"काय नाय. जे सगळी करतात तेच."

"तेच म्हणजे काय?"

त्याने खांदे उडवले. त्याला खरंच सांगता येत नव्हतं. बोटं करत होती.

"साहेब, त्या लोकांनी तो तुकडा कित्येक वर्षं घासलाय," नमिता म्हणाली. "मी चार दिवस. ओळ ठेवणं आज कळलं, तेही तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात म्हणून. तिसऱ्या शिफ्टचा माणूस काय करतो ते मला माहीत नाही. माझं नवीन आज परत चालू करणार नाही मी."

"म्हणजे जुनं."

"जुनं. कोडसकट. आणि रेसिपी मी कोडमधून बाहेर काढून देते, वेगळ्या फाइलीत. ती तुमची, तिच्यावर कोणाचीच अट नाही. ती पाहुण्यांना देऊ नका. बाकी कोड प्रोग्रॅमबरोबर त्यांना द्या."

"आणि त्यांनी तो वापीभर वाटला तर?"

"वाटू शकतील."

"मग ते विकत कशाला घेतील?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्याअर्थी

तिने जुनी फ्लॉपी घातली. ड्राइव्ह घरघरला. शिवाला बसवलं. "कूल ठेव. एन्टर नको. वरचा बाण. खालचा बाण." कूल परत आलं. "परत कर." परत आलं. गुणाजी मागून वाकून बघत होता. त्याच्या पंजाला आता कुणाचं तरी मलम लागलं होतं.

मग ती वर गेली.

पाहुणे खिडकीपाशी उभे होते, खालची धावपळ त्यांनी बघितली होती. नमिताने कागद घेतला, सातव्या कलमातलं यात तिसऱ्या कोणाचंही काही नाही हे वाक्य एका रेघेत खोडलं, आणि समासात हाताने लिहिलं, इंग्रजीत, कारण कागद इंग्रजीत होता: यात इतरांचं काम आहे. ते ज्या अटीवर मिळालं ती अट सोबत आहे. प्रोग्रॅम ज्याला द्याल, त्याला कोडही द्यावा लागेल. खाली सही केली. पूर्ण नावाची.

कारखानीसांनी वाचलं. पाहुण्यांनी हात पुढे केला आणि त्यांनीही वाचलं, बोट फिरवत, सावकाश.

"मतलब कोड मेरे पास आता?"

"आना चाहिए," नमिता म्हणाली.

"और आज जैसा कुछ होता, तो मेरा लड़का खोलकर देख लेता? वो इंजीनियर है."

"देख सकता है."

पाहुण्यांनी कारखानीसांकडे बघितलं. कारखानीसांनी मानेनेच नाही म्हटलं. पाहुणे थोडं हसले आणि कागद टेबलावर ठेवला. "मैं तो ऐसे ही लेता. पर आपके साहब ऐसे देंगे नहीं." ब्रीफकेस उचलली. "बस कितने बजे है मुंबई की?"

"गाडी सोडेल तुम्हाला," कारखानीस म्हणाले, मराठीतच, आणि त्यांना दारापर्यंत पोचवून आले.

परत आले तेव्हा नमिता अजून उभी होती. तिने जुनी फ्लॉपी टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"दोन नंबरवर जो चालतोय त्याचा कोड. तो चालतोय तोवर हा तुमच्याकडे असला पाहिजे. दिवाळीतच द्यायला हवा होता."

"मी मागितला नाही."

"माहितेय."

कारखानीसांनी फ्लॉपी उचलली नाही, ढकललीही नाही. "दोन नंबर राहू दे. बाकीचे रिअ‍ॅक्टर विसरा. आणि प्रविणला सांगा, यापुढे माझ्याशी त्याने बोलायचं. तुम्ही नाही."

"सांगते."

प्रविणला फोन करायला गेटवर एक रुपयाचा डबा होता. ती गेटकडे गेली नाही. पॅनलच्या खोलीत गेली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि शिवाच्या उजव्या हाताला, कीबोर्ड दिसेल असं बसली.

शिवाने एक ओळ टाईप केली. खोडली. परत टाईप केली.

"बाई, असं बघू नका. बोटं अडखळतात."

"अडखळू दे."

"तुम्हाला घरी जायचं नाय का? पेनची गाडी जाईल."

"जाऊ दे. तू आत्ता दोन कळा एकदम दाबल्यास. त्या कुठल्या?"

शिवाने हात वर घेऊन स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"दाबल्या काय?" तो म्हणाला.

"परत कर," नमिता म्हणाली. "सावकाश."